विक्रीला काढलेली घोडी, मागच्या पायाला दोरी घासली, बाजार तीन आठवड्यांवर

कुंभारी_रोड

नमस्कार मंडळी. मारवाडी घोडी, कुमैत (तांबूस अंग, काळी आयाळ-शेपूट), चार दाती, ६१ इंची, मागच्या दोन्ही पायांना पांढरे मोजे. अकलूजच्या घोडेबाजारात न्यायची आहे, त्याला तीन आठवडे आहेत. त्याआधी, आजपासून आठ दिवसांनी, बार्शीकडचं एक गिऱ्हाईक घरी बघायला येतंय. अपेक्षा सव्वादोन लाखांची.

परवा रात्री पिछाडीत (मागचे पाय बांधायच्या दोरीत) पाय अडकला. दोरी नायलॉनची होती. (सुती तुटली म्हणून तात्पुरती बांधलेली. माहितीय, बोलू नका.) मागच्या डाव्या पायाला दोन ठिकाणी लागलंय. एक खुराच्या वर, मागच्या खळगीत, भाजल्यासारखी आडवी पट्टी, ४ सेंमी लांब आणि दीड सेंमी रुंद, कातडी पूर्ण गेलेली. दुसरी नळीवर (गुडघ्याखालच्या लांब हाडावर) आतल्या बाजूला २ सेंमीची उथळ चीर. सूज नळीच्या निम्म्यापर्यंत, हाताला गरम लागते. पाऊलचालीत काही दिसत नाही, डांबरीवर दुडकीला घेतली की पाय जरा चुकवते. ताप काल संध्याकाळी १००.८. चारा-पाणी व्यवस्थित. नाल नऊ दिवसांपूर्वी मारलेत. धनुर्वाताची लस झालीय की नाही ते आधीच्या मालकाकडून कळलं नाही.

जखमेला नेमकं काय करू, फिरवू की उभी ठेवू? आणि गिऱ्हाइकाला आधीच फोन करून सांगायचं की आल्यावर बघू? एक दलाल म्हणतो, त्या दिवशी सकाळी दुखणं दाबायची सुई मार, कुणाला काही कळत नाही. मला ते पटत नाही, पण विचारून ठेवतो.

खरारा

दादा, आधी खळगीतली जखम. नळीवरची चीर आतबाहेर चांगली बघून घेतली की तिची फार काळजी नाही. पण खुराच्या वरच्या मागच्या खळगीत कातडीखाली मांस नसतंच. कातडी, मग नसेचं आवरण, मग नस, म्हणजे मांस हाडाला बांधणारा दोर (टेंडन). त्या आवरणात तेलासारखं पाणी असतं. जखम तिथवर पोचली असेल आणि घाण आत गेली असेल तर घोडी आयुष्याची लंगडी होऊ शकते, मग जखम वरून बोटाएवढी दिसली तरी. म्हणून आज पहिलं काम तेवढंच तपासायचं.

हात साबणाने धुवा, हातमोजे घाला. जखमेत ओलं निर्जंतुक गॉज ठेवून मगच भोवतालचे केस दोन-दोन सेंमी कापा, नाहीतर कापलेले केस जखमेत चिकटतात आणि महिनाभर पू करत राहतात. मग धुवा. सलाइनची ५०० मिलीची प्लास्टिक बाटली घ्या, झाकणाला १८ नंबरच्या सुईने चार-पाच भोकं पाडा आणि पिचकारीसारखी दाबून मारा. पहिल्या वेळी दोन बाटल्या लागतील. सलाइन नसेल तर लिटरभर पाणी दहा मिनिटं उकळून गार करा आणि त्यात ९ ग्रॅम मीठ घाला, म्हणजे सपाट दीड चमचा. शेवटच्या बाटलीत पोविडोन आयोडीन १० टक्केवालं लिटरला १० मिली या हिशोबाने, रंग फिक्या चहासारखा आला पाहिजे. गडद केलं की जंतूंबरोबर नवी कातडीही मरते. बाटलीवर 'स्क्रब' लिहिलेलं असेल तर ते साबणवालं आहे, ते जखमेत नको.

धुऊन झाल्यावर पाय टेकलेला असताना आणि उचलून वाकवलेला असताना, दोन्ही वेळा जखमेकडे नीट बघा. पिवळसर, पारदर्शक, बोटांत धरल्यावर तार सुटते असं पाणी येत असेल तर पुढचं काहीही घरी करू नका. डॉक्टर दूरच्या निरोगी जागेतून आवरणात निर्जंतुक सलाइन भरून बघतात. ते जखमेतून बाहेर आलं की आवरण फाटलंय हे पक्कं. अशा वेळी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत जायची तयारी ठेवा, तास मोजायचे असतात. एक खूण लक्षात ठेवा: आवरण उघडं असून पाणी वाहून जात असेल तोवर घोडी फारशी लंगडत नाही. तोंड बंद झालं, आत पू साठला, की एका रात्रीत पाय टेकायचा बंद होतो. त्यामुळे "पाऊलचालीत काही नाही" यावर अजून विसंबू नका.

तुमचा १००.८ नेहमीच्या मर्यादेत आहे (९९ ते १०१). तरी सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा मोजून वहीत लिहा. १०१.५ च्या वर गेला, किंवा उभी असताना जबड्याखालच्या शिरेवर नाडी ४४ च्या वर लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर.

धनुर्वात: लस झाल्याची खात्री नाही म्हणजे झाली नाही असंच धरायचं. घोड्याइतकं धनुर्वाताला हळवं दुसरं पाळीव जनावर नाही. मानेच्या एका बाजूला प्रतिविष (१५०० युनिट), दुसऱ्या बाजूला लस, दोन्ही वेगळ्या सिरिंजने. लसीचा दुसरा डोस चार आठवड्यांनी. रोगाची लक्षणं जखमेनंतर एक ते तीन आठवड्यांत दिसतात, म्हणजे तुमच्या नेमक्या बाजाराच्या सुमारास. शेपूट ताठ उचललेली, कान ताठ, हनुवटीखाली हलकं टपकन मारलं की डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातला पडदा बाहेर सरकतो. अशी घोडी टेम्पोत चढवायची नाही, आवाजानेच पडेल.

पट्टीचं बघा. जखमेवर पॅराफिन गॉज, त्यावर साधं गॉज, मग कापसाचा जाड रोल खुराच्या कडेपासून मागच्या गुडघ्याच्या चार बोटं खालपर्यंत, मग १५ सेंमीची क्रेप बँडेज. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या निम्म्यावर, ओढ सगळीकडे सारखी. वरून एक बोट घट्ट जाईल एवढीच. कापूस कमी आणि क्रेप ताणून, असं झालं की दाब नसेवर रेघेसारखा बसतो. जखम भरते पण मागे नस सुजून धनुष्यासारखी होते. बाजारात हात फिरवणारा माणूस ती दोन सेकंदांत पकडतो आणि ती सूज जखमेची नाही, पट्टीची आहे, हे त्याला पटवून देणं तुम्हाला जमत नाही. पहिले चार दिवस पट्टी रोज बदला, नंतर दिवसाआड. ओली झाली तर तेव्हाच.

गार शेक दिवसातून तीन वेळा, पंधरा-वीस मिनिटं, पण पट्टीवरून. प्लास्टिकच्या पिशवीत बर्फाचा चुरा, मध्ये ओलं फडकं. पाण्याची नळी उघड्या जखमेवर धरू नका. मोज्याखालची कातडी गुलाबी आणि नाजूक असते, सतत भिजली की भेगा पडतात आणि मूळ जखम राहते बाजूला. तीन दिवसांनी बर्फ बंद.

वेदनेचं औषध डॉक्टरांनी द्यावं. ते बहुधा मेलॉक्सिकॅम देतील, ०.६ मिग्रॅ दर किलोला, दिवसातून एकदा. वजन असं काढा: छातीचा घेर सेंमीत, त्याचा वर्ग, गुणिले खांद्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी, भागिले ११,८८०. घेर १६५ आणि लांबी १४८ असेल तर साधारण ३४० किलो. डायक्लोफिनॅक कुणी देऊ केलं तर घेऊ नका, ते दिलेल्या जनावराचं मढं खाऊन गिधाडं मरतात म्हणून २००६ पासून जनावरांसाठी बंद आहे. किटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅकही २०२३ पासून बंद.

रेवाल

"पाय चुकवते" हे डोळ्याने नका ठरवू. मागच्या पायाचं लंगडणं भल्याभल्यांना फसवतं. दोन्ही बाजूंच्या कमरेच्या वर आलेल्या हाडांवर पांढऱ्या चिकटपट्टीचा एकेक तुकडा लावा. मोतद्दाराला कासरा सैल धरून सरळ रेषेत दुडकीला पळवायला सांगा, तीस मीटर जाणं आणि येणं. मोबाइल घोडीच्या कमरेच्या उंचीवर धरून मागून स्लो मोशनमध्ये घ्या. ज्या बाजूची पट्टी जास्त वर-खाली होते तो पाय दुखरा.

कासरा तोंडाजवळ आवळून धरला तर डोकं हलत नाही आणि व्हिडिओ निरुपयोगी होतो. समोरूनही एक घ्या. मागचा डावा दुखत असला की दुडकीत डोकं असं हलतं की पुढचा डावाच दुखतोय असं वाटतं. पुढच्याच पायावर उपचार चालू आहेत आणि दुखणं मागे, असं होतं ते यामुळे.

आजचा व्हिडिओ ठेवा. पाचव्या आणि दहाव्या दिवशी त्याच जागी, त्याच वेळी, औषध दिल्यापासून किमान तीन दिवस झाल्यावर पुन्हा घ्या. औषधाच्या अमलात काढलेला व्हिडिओ स्वतःलाच फसवतो.

नालबंद_बाळे

नऊ दिवसांपूर्वी नाल मारलेत ते सगळ्यांनी वाचून सोडून दिलं. जखम दिसते म्हणून लंगडणं जखमेचंच, असं नसतं मालक. खिळा मांसाला चाटून गेला तर जनावर तिथल्या तिथे पाय झटकतं, ते कळतं. पण खिळा मांसाजवळून गेला, नुसता दाब बसला, तर चार-आठ दिवसांनी दुखायला लागतं. तुमच्या दिवसांचा हिशोब दोन्हीला जुळतो.

नळीखालच्या सांध्याच्या मागे दोन्ही बाजूंना अंगठा आणि मधलं बोट हलकं ठेवा. चांगल्या पायात ठोका लागतो न लागतो असा असतो. खुरात पू किंवा दाब असेल तर ठोका ठाण-ठाण लागतो. उजव्या पायाशी ताडून बघा, कारण सूज असलेल्या पायात ठोका सापडतच नाही आणि माणूस "नाही" असं समजतो. मग दोन्ही खुरांच्या भिंतीवर हाताची मागची बाजू लावा. सावलीत, दुपारी नाही.

त्यानंतर हलक्या हातोडीने एकेका खिळ्याच्या डोक्यावर टकटक. ज्याला पाय ओढून घेते तो खिळा काढायचा, आधी बाहेरची वाकवलेली टोकं कापून, सरळ ओढून. काढलेला खिळा नुसता फेकू नका, बघा. कोरडा आणि चकचकीत असेल तर ठीक. ओला, काळपट, वास मारणारा निघाला तर आत घाण आहे. मग नालच काढायचा आणि ते भोक खालून मोकळं करायचं. भोक पेन्सिलच्या टोकाएवढं पुरतं, तळवा कोरून वाटी करणाऱ्याला पैसे देऊ नका.

पाय बादलीत बुडवायचा नाही, वरची जखम भिजेल. गव्हाचा कोंडा दोन ओंजळी, एप्सम सॉल्ट एक ओंजळ, गरम पाणी घालून लाडवासारखं वळेल एवढं करा. हाताला सोसेल इतकं गरम असताना तळव्याला लावा, वरून लहान मुलाचं डायपर आणि त्यावर रुंद चंदेरी चिकटपट्टी. पट्टी खुराच्या भिंतीवरच संपली पाहिजे, केसांच्या रेघेवर चढली की तिथे रक्त अडतं. बारा तासांनी बदला, दोन-तीन दिवस.

आणि बाजारासाठी नवे नाल आदल्या दिवशी मारायची जी पद्धत आहे ती सोडा. मारायचेच असतील तर दहा दिवस आधी. काही बिघडलं तर सुधारायला वेळ राहतो.

होटगीकर

एवढं कशाला. हळद, गोडेतेल, थोडा चुना गरम करून लावा, वरून राख. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालतंय. आठ दिवसात खपली धरते.

खरारा

खपली धरते, हो. त्या खपलीखाली काय चाललंय ते दिसत नाही, हीच अडचण आहे अण्णा. चुन्याने कातडी जळते. हळद-तेलाचा थर जखमेला चिकटून बसतो, डॉक्टरांना खोली मोजायची असेल तर आधी तो खरवडावा लागतो. मांडीवर, छातीवर हे खपून जातं, तिथे मांस आहे, रक्त आहे. नळी आणि त्याखाली जखम फार सावकाश भरते आणि एक वाईट खोड असते: आतलं लाल मांस कातडीच्या पातळीच्या वर फुगून येतं. फुलकोबीसारखं दिसतं, हात लावला की रक्त येतं, पण दुखत नाही, कारण त्यात मज्जातंतूंची टोकं नसतात. जळजळीत काहीही लावलं की ते जास्त येतं. मग लोक मोरचूद लावतात, त्याने ते जळतं आणि कडेची नवी कातडीही जळते. ते डॉक्टरांकडून कातडीच्या पातळीत कापून घ्यायचं, पट्टी बांधायची, संपलं.

पाचव्या-सहाव्या दिवसापासून रोज बघा. लाल मांस कातडीच्या पातळीत आलं की ते वर चढायच्या आत डॉक्टरांना दाखवा.

इसार_पावती

व्यवहाराचं मी सांगतो.

गिऱ्हाइकाला आजच फोन करा. तो बार्शीहून गाडी काढून येणार आणि पट्टी बघून परत जाणार, मग ही गोष्ट त्याच्या तोंडून बाजारात पोचते आणि पोचेपर्यंत "दोरी घासली"चं "नस तुटली" होतं. फोनवर सांगा: अमुक तारखेला पिछाडीची दोरी घासली, मागचा डावा, फोटो पाठवतो, डॉक्टर बघतायत, तुम्ही आठ दिवसांनी या किंवा पंधरा दिवसांनी या. फोटो आजचे, बाजूला फूटपट्टी धरून, तारीख दिसेल असे. पुढे दर तीन दिवसांनी एक. भरत चाललेल्या जखमेची फोटोंची रांग कागदी दाखल्यापेक्षा जास्त काम करते, कारण घेणाऱ्याला भीती जखमेची नसते, तिच्याआड काय लपलंय याची असते. डागलेला (तापल्या लोखंडाचा चटका दिलेला) पाय, जुनी नस, पूर्वीचं लंगडणं, हे सगळं त्याच्या डोक्यात येतं. एक बरं झालं, तुमची खळगीची जखम पांढऱ्या मोज्यात आहे, तिथे पुढे पांढरे केस आले तरी दिसणार नाहीत. नळीवरची चीर कुमैत भागात असेल तर तिथे पांढरी रेघ येऊ शकते आणि नळीवरची पांढरी रेघ म्हणजे डाग दिला, असं धरून चालणारे पुष्कळ आहेत. त्यासाठी तरी फोटो ठेवा.

सुईचं: १८७२ च्या भारतीय करार कायद्यात फसवणुकीची व्याख्या कलम १७ मध्ये आहे आणि गंमत म्हणजे तिथली बहुतेक उदाहरणं घोड्याचीच आहेत. लिलावात घोडा विकला, खोट माहीत होती, नुसता गप्प बसला, तर ती फसवणूक नाही. पण घेणारा म्हणाला, "तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा निर्दोष आहे असं मी समजेन" आणि विकणारा गप्प बसला, तर तो गप्प बसणं म्हणजे बोलणंच. आणि दोष मुद्दाम झाकणं हे तर त्याच कलमात सरळ फसवणूक म्हणून लिहिलंय. सुई मारणं हे गप्प बसणं नाही, झाकणं आहे. कलम १९ प्रमाणे घेणारा व्यवहार रद्द करू शकतो. रुमालाखाली बोटं धरून ठरलेला सौदा असला तरी.

शिवाय "कुणाला कळत नाही" हे जुनं झालं. जरा मोठा घेणारा रक्ताचा नमुना काढून ठेवतो. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या यादीत फेनिलब्युटाझोन (हेही वेदनेचं औषध) सापडण्याचा काळ ७ दिवस आहे, मेलॉक्सिकॅमचा ३. म्हणून खरंच उपचारासाठी दिलं असेल तर शेवटच्या डोसची तारीख लिहून द्या, लपवायचं कारण उरत नाही.

आठव्या दिवशी गिऱ्हाइकाला घोडी पसंत पडली आणि जखम अजून ओली असेल तर दर पाडू नका, पैसे अडकवून ठेवा. इसार घ्या, पावतीवर लिहा: मागच्या डाव्या पायाला खुराच्या वर मागे आणि नळीवर आतून जखम, तारीख, उपचार चालू. बाकी रकमेतले पंचवीस हजार रोखून, तीन आठवड्यांनी दोघांनी मान्य केलेल्या डॉक्टरांसमोर डांबरीवर दुडकीला नीट चालली तर द्यायचे, नाही चालली तर घेतलेले पैसे परत, सौदा रद्द. तोवर घोडी तुमच्याकडे राहील, खुराक कुणाचा, मध्ये पोटदुखीने काही झालं तर जोखीम कुणाची, तेही लिहा. भांडणं नेहमी या शेवटच्या ओळीवर होतात.

"निर्दोष" हा शब्द पावतीवर लिहू नका. कुठलंच जनावर निर्दोष नसतं. जे दिसतं ते लिहा.

कुंभारी_रोड

मंडळी, लै उपकार. काल डॉक्टर येऊन गेले. आवरणात सलाइन भरून बघितलं, बाहेर आलं नाही. धनुर्वाताच्या दोन्ही सुया झाल्या. बाळेकर, तुमचंही बरोबर निघालं, आतल्या बाजूचा मागचा खिळा ओला होता. तो काढला, कोंड्याची पट्टी चालू आहे, वास कमी झालाय. गिऱ्हाइकाला फोटो पाठवले, पंधरा दिवसांनी येतो म्हणाला.

आता नवीन चिंता. आज सकाळी दोन्ही मागचे पाय सुजलेले दिसले, चांगला उजवासुद्धा. बोट दाबलं की खड्डा राहतो. ताप १००. संसर्ग वर चढतोय का?

खरारा

दोन्ही पाय सारखे, गार, दाबल्यावर खड्डा, ताप नाही: उभं राहून उतरलेलं पाणी आहे. एरवी चालताना खूर आणि पाय दाबला जाऊन पाणी वर ढकललं जातं, चार दिवस पागेत उभी म्हणून ते साचलं. डॉक्टरांनी आवरण शाबूत म्हटलंय, तेव्हा सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं पाऊलचाल, कोरड्या मुरमावर. ओल्या काळ्या मातीत नको, माती पट्टीला धरते आणि पाय ओढला जातो. चालवून आणल्यावर सूज निम्मी झाली तर निश्चिंत राहा. उलट एकच पाय, गरम, मांडीपर्यंत आणि ताप, हे असतं तेव्हा पळा.

खुराकही बघा. काम बंद आणि हरभरा तेवढाच, हे चालत नाही. दाणा निम्म्यावर आणा, कडबा पोटभर, पाणी सतत समोर. नाहीतर पाय बरा होईल आणि पोट धरेल. चरबी चढवून बाजारात न्यायचा मोह होतो, पण जड घोडी दुखऱ्या खुरावर उभी करू नका.

मोहोळ_पशुधन

एक राहिलंय. जखम कुठलीही असो, बाजारापूर्वी मागच्या पायाची आतली बाजू वरपर्यंत बोटाने चाचपा. कातडीखाली दोरीसारखी जाड ओळ, तिच्यावर मण्यांसारख्या गाठी, गाठ फुटून मधासारखा पू, असं दिसलं तर ते दोरीचं घासणं नव्हे, ग्लँडर्सचा (घोड्यांचा एक संसर्गजन्य रोग) कातडीतला प्रकार असू शकतो. माणसालाही होतो, हातमोज्याशिवाय हात लावू नका, लगेच सरकारी दवाखान्यात कळवा. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या २००९ च्या कायद्याने तो कळवणं बंधनकारक आहे. तुमच्या वर्णनात तसं काही नाही, पण बाजाराला नेताना ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा दाखला मागतात. हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्राकडे नमुने जातात, अहवाल यायला दिवस लागतात. रक्त याच आठवड्यात द्या. जखम भरली आणि दाखला नाही म्हणून घोडी फाटकाबाहेर, असं नको.

दुसरं, माश्या. जखम भरता भरता पुन्हा खाज सुटली, घोडी दाताने कुरतडू लागली, मांसात तांदळाच्या कणीएवढे पिवळे कडक दाणे दिसले तर ती बरसाती. माश्या जंताच्या अळ्या जखमेत सोडतात. मलमाने जात नाही, डॉक्टर आयव्हरमेक्टिन देतात. पट्टी नीट झाकलेली असेल तर ही वेळच येत नाही.

कुंभारी_रोड

दाण्याचं प्रमाण आजच कमी केलं, रक्त उद्या देतो. शेवटचं: टेम्पोतून शंभरेक किलोमीटर न्यायची, पट्टी ठेवून की काढून?

रेवाल

जखमेची पट्टी ठेवून, आणि चारही पायांना कापसाची गादी बांधून. एकाच पायाला बांधली तर ती त्याच पायाला चाळा लावून घेते. तळाला वाळू, त्यावर उसाचं पाचट, फळी ओली नको. तोंड गाडीच्या दिशेला किंवा उलट, पण आडवी नको, ब्रेकला आडव्या घोड्याचा मागचा पाय सरकतो. उतरवताना मातीच्या उंचवट्याला गाडी लावा, उडी मारू देऊ नका. पंढरपूरला एकदा थांबा, पाणी पाजा आणि पट्टीत बोट घालून बघा. बोट जात नसेल तर तिथेच सोडून पुन्हा बांधा, अकलूज येईपर्यंत थांबू नका.

डॉक्टरांचा प्रवासाचा दाखला खिशात ठेवा, पेटीत नको.

नालबंद_बाळे

आणि काढलेल्या खिळ्याचं भोक मोकळं ठेवू नका. आयोडीनचा बोळा कापसाचा, वरून मेण. नालाला एक खिळा कमी राहिला तरी चालतो, बाजारात कुणी विचारलं तर खरं सांगा. उरलेल्या खिळ्यांची वाकवलेली टोकं आठवड्याने एकदा हाताने चाचपून घ्या, सैल झालेलं टोक दुसऱ्या पायाची नळी फाडतं.